रिकामी पिशवी

गेल्या वर्षी मी एक पोस्टर बनवलं. फिकट हिरव्या रंगावर तीन डोंगरांची रेघ, खाली दोन बायकांच्या आकृत्या, एक उंच, एक बुटकी, दोघींच्या डोक्याला रुमाल. वर ठळक अक्षरांत पाच शब्द: मुस्लिम, माय-लेकी, आउटडोअर, चॅरिटी, चॅलेंज. ओळखीच्या कितीतरी जणींनी ते स्टेटसला ठेवलं. मलाही त्याचा केवढा अभिमान होता. आज त्या पाचांपैकी तीन शब्द मला मागे घ्यायचे आहेत. कुठले आणि का, ते सांगते.

आधी मी कोण ते. मी लीड्समध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गाव दापोली तालुक्यात, खाडीच्या काठाला. शाळा मराठी, इंजिनिअरिंग पुण्याला, घरची बोली कोकणी मुसलमानांची. (अम्मीची वाक्यं मी इथे प्रमाण मराठीत लिहितेय. तिच्या तोंडी ती जास्त खमंग असतात.) बाबांनी उभी हयात कुवेतला काढली. आमच्या गावात यात नवल काहीच नाही. पुरुष विमानाने जातो आणि बाई विहिरीपर्यंत. अम्मी ५४ वर्षांची आहे, गुडघे बरे आहेत, आणि गेल्या उन्हाळ्यात ती सहा महिन्यांच्या व्हिसावर माझ्याकडे राहायला आली होती.

यॉर्कशरमध्ये तीन डोंगरांची एक प्रसिद्ध वाट आहे. पेनीगेंट, व्हर्नसाइड आणि इंगलबरो. उंची अनुक्रमे ६९४, ७३६ आणि ७२३ मीटर. आपल्या कळसूबाईपुढे हे आकडे किरकोळ वाटतील, पण तिन्ही डोंगर एका दिवसात, बारा तासांच्या आत करायचे असतात, आणि सगळं मिळून चालणं साधारण ३८ किलोमीटर होतं. इंग्लंडमध्ये दर उन्हाळ्यात हजारो लोक कुठल्या ना कुठल्या कामासाठी पैसे गोळा करत ही वाट चालतात. आमच्या मशिदीच्या महिला गटात कुणीतरी म्हणालं, आपणही करू, माय-लेकी मिळून. मी सगळ्यांत लहान आणि त्यातून इंजिनिअर, म्हणजे एक्सेल शीट माझ्या गळ्यात पडणार हे ठरलेलंच.

खरं तर सुरुवात त्याच्याही आधीची. एप्रिलमध्येच मी गटावर लिहिलं होतं की एका रविवारी डोंगरावर जाऊ या का, नुसतं फिरायला. तेव्हा आलेली उत्तरं मी जपून ठेवली आहेत. एका आपांच्या घरी महरमचा प्रश्न निघाला, म्हणजे बरोबर नवरा, भाऊ, मुलगा कुणी नसताना बाईने किती लांब जावं. यावर विद्वानांत मतभेद आहेत आणि अंतराचे हिशेबही वेगवेगळे आहेत. दुसरीच्या सासूबाईंनी विचारलं, रविवारी जेवण कोण करणार? तिसरीने सरळ लिहिलं, "पण कशासाठी?"

मग 'चॅरिटी' हा शब्द आला आणि जादू झाली. डोंगर तोच, अंतर तेच, महरम तेव्हाही नव्हते आणि आताही नाहीत. पण आता यातिमांसाठी होतं, पाण्याच्या विहिरींसाठी होतं. तीन दिवसांत अकरा जोड्या तयार झाल्या. ज्या काकांनी मान हलवली होती त्यांनीच पहिले पन्नास पौंड दिले. रविवारच्या जेवणाचा प्रश्नही कुठे गेला कळलं नाही. त्या घरातल्या पुरुषांना फ्रिज उघडता येतो, असा शोध लागला.

तेव्हा मी खूश झाले. वाटलं, काय युक्ती सापडली! ती युक्ती आपल्यालाच बांधून घालते हे कळायला मला आणखी दोन महिने लागले.

आमच्या धंद्यात एक नियम असतो. कोडमध्ये एक ओळ जरी बदलायची असेल तरी तिला तिकीट लागतं. काय बदलतोय, का बदलतोय, कुणी सांगितलं. तिकीट नंबर नसेल तर सिस्टीम तुमचा बदल आतच घेत नाही. कोडच्या बाबतीत हे योग्य आहे, बँकेचं सॉफ्टवेअर कुणी लहर आली म्हणून बदलू नये. पण माझी अम्मी म्हणजे बँकेचं सॉफ्टवेअर नव्हे. तरी आयुष्यभर ती तिकिटावरच घराबाहेर पडत आली. लहानपणी डोक्यावर हंडा हे तिकीट. मग लाकडाची मोळी. लग्नानंतर बाजाराची पिशवी, कडेवर मी, हातात भावाचं दप्तर, दवाखान्याची फाइल. ती चालली भरपूर. आमच्या गावच्या चढावर ती जेवढी चढली असेल तेवढं इथल्या कुठल्या गिर्यारोहण क्लबातली बाई चढली नसेल. पण मोकळ्या हातांनी ती कधीच चालली नाही. आणि मी, तिची शिकलेली लेक, तिला इंग्लंडच्या डोंगरावर नेताना काय केलं? तिच्या डोक्यावर नवा हंडा ठेवला. त्याला नाव दिलं चॅरिटी.

हा हंडा हलका नव्हता. ज्या संस्थेसाठी आम्ही चालणार होतो तिच्या इव्हेंटवाल्यांनी दर जोडीला तीनशे पौंडांचं लक्ष्य दिलं. तेवढे जमले नाहीत तर नाव राहणार नाही. मी ते मान्य केलं, शीटमध्ये रकाना केला, लाल-पिवळा-हिरवा रंग भरला. त्यात एका खालांची ओळ शेवटपर्यंत लाल राहिली. त्या घरी कपडे शिवून पोट भरतात. मुलगी कॉलेजात. सगळ्यांत आधी नाव त्यांनीच दिलं होतं आणि सरावाला एकदाही चुकल्या नव्हत्या. जायच्या आठवडाभर आधी त्यांनी पाय मुरगळल्याचं सांगितलं. नंतर त्यांच्या मुलीकडून कळलं, पायाला काही झालं नव्हतं. ज्यांच्याकडे पैसे मागायचे ते सगळे नातेवाईक त्यांना आधीच कधी ना कधी मदत केलेले. त्यांच्याकडे पुन्हा हात पसरायला त्यांचं मन होईना.

ज्या डोंगराला तिकीट नाही, त्याला मी तीनशे पौंडांचं तिकीट लावलं आणि गरीब बाईला खाली ठेवलं. गरिबांच्या मदतीसाठी.

आता कुणी म्हणेल, म्हणजे दानधर्म वाईट? मुळीच नाही. अम्मी दरवर्षी आपल्या सोन्याचा हिशेब करून अडीच टक्के जकात काढते आणि ती कुणाला गेली हे बाबांनाही माहीत नसतं. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, ही शिकवण तिने मला दिली. जकात द्यायला आधी डोंगर चढून दाखवा, फोटो काढा, लिंक पाठवा, असं कुठल्याही धर्मग्रंथात नाही. यातिमांना पैसे द्यायचे आहेत ना? द्या. आजच द्या, पंख्याखाली बसून द्या. आणि डोंगर चढायचा आहे ना? चढा. या दोन चांगल्या गोष्टींना एकमेकींच्या पायात बांधायचं कारण काय? कारण एकच. त्यातली एक गोष्ट बाईला स्वतःहून करायची परवानगी नाही.

दुसरा शब्द 'चॅलेंज'. मी संस्थेला विचारलं होतं, तीनऐवजी एकच डोंगर करू या का? पेनीगेंटचा फेरा दहा-अकरा किलोमीटरचा आहे, आयांना आनंदाने जमेल. उत्तर आलं ते फार समजूतदार भाषेत. सार यायचं ते असं, की एका डोंगराला लोक पैसे देत नाहीत, थोडी कसोटी दिसली पाहिजे. म्हणजे आईला मजा आली तर पैसे नाहीत. तिचे पाय सुजले तर पैसे. आईचं दुखणं हेच चलन. आपल्याकडे आईच्या कष्टांवर कविता पाठ करून बक्षिसं मिळवलेली मी मुलगी आहे, मला हे नवीन नव्हतं. तरी मी गप्प बसले.

जूनच्या त्या शनिवारी आम्ही दहा जोड्या निघालो. अम्मी पेनीगेंट झकास चढली. शेवटच्या टप्प्यात दोन ठिकाणी खडकाला हात लावून चढावं लागतं, तिथे ती माझ्यापुढे होती. माथ्यावर वारा असा की ओढणी आडवी उडत होती. तिने मला विचारलं, थोडं बसू या? मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, नको, आपण वीस मिनिटं मागे आहोत. हे वाक्य मला अजून टोचतं.

पुढे रिबलहेडला पोहोचेपर्यंत सोळा-एक किलोमीटर झाले होते. तिथे रेल्वेचा २४ कमानींचा दगडी पूल आहे, त्याच्या समोर गवतावर अम्मी बसली आणि तिने बूट काढले. टाचा सोललेल्या. पुढचे दोन डोंगर शक्य नव्हते. एवढं सुंदर ठिकाण, एवढं स्वच्छ ऊन, आणि ती रडत होती. पाय दुखत होते म्हणून नव्हे. ती म्हणाली, "लोकांचे पैसे घेतले आणि चालले नाही. ते परत करावे लागतील ना?" आयुष्यात पहिल्यांदा डोंगराच्या माथ्यावर गेलेली बाई खाली उतरली ती कर्जदार होऊन.

पैसे परत करावे लागले नाहीत, संस्थेने फार गोड पत्र पाठवलं. पत्राबरोबर त्यांच्या पानावर टाकायला फोटो मागितला. शक्यतो हसरा.

तिसरा शब्द 'माय-लेकी'. हा मागे घेताना मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं, कारण तो किती गोड आहे! पण नावनोंदणीचा फॉर्म मी लिहिला होता. त्यात 'आईचं नाव' आणि 'मुलीचं नाव' हे दोन रकाने होते आणि दोन्हींपुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती चांदणी मी माझ्या हाताने लावली. एका बाईंचा मेसेज आला, मला तीन मुलगेच आहेत, मी कुणाबरोबर येऊ? दुसरी माझ्याच वयाची. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. तिने फॉर्म उघडला, पहिल्या रकान्यापाशी थांबली आणि बंद केला. हे तिने मला खूप नंतर सांगितलं. एकटी बाई आली असती तर काय बिघडलं असतं? काहीच नाही. पण जोडी असली की घरच्यांना धीर येतो. आई असली की मुलीवर लक्ष राहतं, मुलगी असली की आई हरवत नाही. म्हणजे दोघी एकमेकींच्या महरम. ज्या राखणीतून बाहेर पडायचं होतं तीच आम्ही आपसांत वाटून घेतली आणि तिला प्रेमाचं नाव दिलं.

उरले दोन शब्द, 'मुस्लिम' आणि 'आउटडोअर'. ते मी ठेवणार आहे, आणि पहिल्याबद्दल इथे थोडं भांडायचंही आहे. पुण्यातल्या एका जुन्या मित्राने पोस्टर बघून लिहिलं, "डोंगरावरही वेगळा गट कशाला?" तो वाईट माणूस नाही. कॉलेजात त्याच्याच ग्रुपबरोबर मी पहिल्यांदा राजगड चढले. त्या ट्रेकला एका मुलीने माझं नाव ऐकून अगदी आपुलकीने विचारलं होतं, "तुमच्यात किल्ल्यावर यायला चालतं?" तेव्हा मी हसून सोडलं. चालतं की! ज्या सह्याद्रीच्या पायथ्याशी मी जन्मले तो चढायला मला वेगळी पावती फाडायची नव्हती. पण त्या प्रश्नाला दर वेळी हसून उत्तर द्यायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की माणूस अशी सोबत शोधतो जिथे तो प्रश्नच निघत नाही. जिथे दुपारच्या नमाजसाठी दहा मिनिटं थांबायचं, तर कुणाला कारण सांगावं लागत नाही.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न जास्त उघडपणे निघतो. २०२१च्या नाताळच्या दिवशी 'मुस्लिम हायकर्स' या गटाचे शंभरावर लोक पीक डिस्ट्रिक्टमधल्या मॅम टॉर या टेकडीवर फिरायला गेले. हा गट हारून मोटा यांनी सुरू केलेला. त्यांचे फोटो फेसबुकवर आले आणि त्याखाली शिव्यांचा पाऊस पडला. हे खरे गिर्यारोहक नव्हेत, गर्दी करतात, डोंगराची नासाडी करतात. मॅम टॉर या नावाचा अर्थ 'आई-डोंगर' असा सांगतात. आईच्या अंगाखांद्यावर खेळायलाही ओळखपत्र लागतं! त्याच्या दोन वर्षं आधी, २०१९ मध्ये, ज्यूलियन ग्लोव्हर यांनी सरकारसाठी केलेल्या राष्ट्रीय उद्यानांच्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं की इथलं ग्रामीण निसर्गवैभव हे गोऱ्या माणसांचं क्षेत्र आहे असं गोऱ्यांनाही वाटतं आणि इतरांनाही. तेव्हा वेगळा गट कशाला, हा प्रश्न आधी डोंगराच्या दाराशी बसलेल्यांना विचारावा. आत येऊ न शकलेल्यांना नव्हे.

पण इथेही चॅरिटी हा शब्द कसा चालतो ते पाहा. रुमाल बांधलेल्या दहा बायका नुसत्या दिसल्या की लोक बघतात. त्याच बायकांच्या अंगावर एकसारखे टी-शर्ट आणि संस्थेचं बोधचिन्ह असलं की लोक टाळ्या वाजवतात. आम्ही धोकादायक नाही, उपयोगी आहोत, असं त्या टी-शर्टवर न लिहिताही वाचता येतं. म्हणजे एकच परवाना दोन दारांवर दाखवायचा. घराच्या दारावर काकांना आणि डोंगराच्या दारावर गोऱ्यांना.

आणि गंमत अशी की याच देशातल्या लोकांनी हा प्रश्न एकदा वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टरकडचे काहीशे कामगार तरुण-तरुणी किंडर स्काउट या पठारावर मुद्दाम घुसले. ती जमीन सरदारांच्या शिकारीसाठी राखीव होती. पुढाकार होता बेनी रॉथमन या विशीतल्या ज्यू पोराचा. रखवालदारांशी झटापट झाली, पाच जणांना तुरुंगवास झाला, रॉथमनला चार महिने. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं, त्यामागे या घुसखोरीचाही हात मानतात. त्या पोरांची मागणी काय होती? अनाथालयासाठी निधी जमवायचा होता? नाही. आठवडाभर कारखान्यात राबल्यावर रविवारी मोकळ्या हवेत चालायचं होतं. बस. मजा हीच मागणी होती आणि तिच्यासाठी ते तुरुंगात गेले. आज त्याच डोंगरांवर आम्ही मजेची लाज वाटून कारणांचे टी-शर्ट घालतो.

आमच्यातली एक बाई मात्र याच देशात कारणाशिवाय डोंगर हिंडली. लेडी एव्हलिन कोबोल्ड, मुस्लिम नाव झैनब. १९३३ मध्ये, वयाच्या पासष्टीत, तिने हज केली. ब्रिटनमध्ये जन्मलेली आणि हज केल्याची नोंद असलेली ती पहिली मुस्लिम बाई. त्याआधी आणि नंतरही ती स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणांच्या मागे फिरायची, बंदूक घेऊन. १९६३ मध्ये ती वारली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिला ग्लेनकॅरनच्या डोंगरउतारावर दफन केलं. कुणी तिला विचारलं नाही, बाई, कुठल्या संस्थेसाठी हिंडताय? कारण सोपं आहे. डोंगर तिचा होता. इस्टेट असली की कारण लागत नाही. कारणं विचारतात ती हंडेवालीला.

एव्हाना तुम्हाला वाटत असेल, बरं झालं, हे सगळं त्यांच्यातलं आहे. थांबा. तुमची आई शेवटची एकटी, कामाशिवाय घराबाहेर कधी पडली होती? आठवून पाहा, मी थांबते. वारीला गेली असेल. आळंदी ते पंढरपूर चालणाऱ्या बायका मला फार थोर वाटतात, पण त्यांच्याही डोक्यावर तुळशीवृंदावन असतं आणि ते असतं म्हणून घरचे पाया पडून निरोप देतात. त्याच बाईने उद्या सांगितलं, की मला एकटीला दिवेघाट चढून वारा खायचा आहे, तर? हळदीकुंकू, लग्न, बारसं, दवाखाना, भाजी. तुमच्याकडची तिकिटं वेगळ्या रंगाची आहेत, एवढंच. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईच्या बायकांबद्दल हेच मांडलं होतं. बाईला शहरात नुसतं रेंगाळता येत नाही, तिला सतत काहीतरी कामाला निघाल्याचं दाखवावं लागतं. त्यांनी ते शहराबद्दल मांडलं. मी एवढंच म्हणते की डोंगरावरही तो नियम आपल्या आधी जाऊन बसलेला असतो.

ऑगस्टमध्ये मी पुन्हा एकदा प्रयत्न केला. पोस्टर नाही, फॉर्म नाही, लाल चांदणी नाही. गटावर एकच ओळ: "रविवारी पेनीगेंट. सकाळची गाडी. डबा आणा." लगेच विचारणा झाली, कुणासाठी आहे? मी लिहिलं, कुणासाठी नाही. एका मुलीने मला वेगळा मेसेज केला, "ताई, मग मी घरी काय सांगू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आलो पाचच जणी. मी आणि अम्मी. शिवणकाम करणाऱ्या खाला, एकट्याच, मुलीचं काहीतरी काम निघालं होतं. तीन मुलगेवाल्या बाई. आणि आई गेलेली ती मैत्रीण. माझ्या फॉर्मने आणि माझ्या शीटने ज्यांना गाळलं होतं, नेमक्या त्याच. आकड्यांच्या भाषेत हा कार्यक्रम फसला, हे मी मान्य करते. वीस जणींऐवजी पाच. युक्ती सोडली तर माणसं येत नाहीत, हा माझ्या सगळ्या मांडणीवरचा सर्वांत मजबूत आक्षेप आहे आणि तो मी स्वतःच सिद्ध केला. मला सांगतात, अगं, आधी चॅरिटीच्या नावाने बाहेर तर पडू देत, सवय झाली की नाव गळून पडेल. पण नाव गळून पडत नाही. पुढच्या वर्षीसाठी संस्थेचा ईमेल आला आहे, लक्ष्य आता साडेतीनशे आहे. परवाना वापरून वापरून झिजत नसतो, पक्का होत जातो. ज्या घराने चॅरिटीसाठी सोडलं त्या घराला एवढंच कळलं की चॅरिटी असेल तर सोडायचं.

वाटेत फाटकापाशी एक म्हातारे गोरे गृहस्थ भेटले. पाच जणी बघून त्यांनी अगदी प्रेमाने विचारलं, कोणत्या संस्थेसाठी चालताय? हात खिशाकडे गेलाच होता. मी नेहमीसारखी काहीतरी समजावायला लागणार तोच अम्मी तिच्या इंग्रजीत म्हणाली, "नो चॅरिटी. ओन्ली वॉकिंग." ते हसले, पाकीट परत ठेवलं आणि म्हणाले, वर वारा फार आहे, सांभाळून. डोंगरावर एका चालणाऱ्याने दुसऱ्या चालणाऱ्याशी बोलावं तसं.

माथ्यावर दगडी भिंतीच्या आडोशाला आम्ही बसलो. या वेळी मी घड्याळ बघितलं नाही. खालांनी पराठे काढले, अम्मीने थर्मासमधला चहा. उतारांवर जांभळी फुलं पसरली होती. मी सहज हाजराचा विषय काढला. तहानेल्या बाळासाठी सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात वेळा धावलेली आई. आजही हज आणि उमरा करणारा प्रत्येक माणूस तिच्या त्याच वाटेवर सात फेऱ्या मारतो. मधल्या एका टप्प्यावर हिरवे दिवे आहेत, तिथे पुरुषांनी थोडं धावायचं असतं. बायकांनी मात्र चालत जायचं. त्यामागे फिकहच्या पुस्तकांत कारणं आहेत, मी त्या वादात शिरत नाही. मी एवढंच म्हटलं, की मुळात धावली होती बाई.

अम्मी बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत होती. मग म्हणाली, "मी उमऱ्याला गेले होते ना, तेव्हा हिरव्या दिव्यांपाशी थोडी धावले होते. गर्दी होती. तुझ्या बाबांना कळलं नाही."

"का धावलीस?"

"काही नाही. धावावंसं वाटलं."

मला आजवर सापडलेलं सगळ्यांत पुरेसं कारण हेच आहे.

अम्मी आता गावी परत गेली आहे. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, रोज संध्याकाळी असरची नमाज झाली की जेट्टीपर्यंत चालत जाते, थोडी बसते, परत येते. मला इतका आनंद झाला! विचारलं, कुणी काही म्हणत नाही? "नाही. हातात पिशवी असते." काय आणतेस? "काही नाही. रिकामीच असते. कुणी विचारलं कुठे, तर पिशवी दिसते."

ती हसत होती. मलाही हसू आलं. फोन ठेवल्यावर मात्र ती पिशवी माझ्या डोळ्यांसमोरून जाईना. सहाशे चौऱ्याण्णव मीटरचा डोंगर तिने दोनदा चढला. खाडीपर्यंतच्या दहा मिनिटांच्या सपाट रस्त्यावर मात्र अजून तिला पिशवी लागते.

या रविवारी आईला विचारा, बाहेर येतेस का. ती विचारेल, कशाला? उत्तर देऊ नका. फक्त तिच्या हातातली पिशवी काढून खुंटीला अडकवा.